आजी गावी गेली आणि बाप घरात आला: शेन्झेनमधल्या एका घराची गोष्ट

चीनमधले बाप मुलांचं किती करतात हा विषय निघाला की दोन ठरलेली उत्तरं येतात. एक म्हणजे तिकडची रीतच तशी, बाप कडक आणि चार हात लांब, आई मायाळू. आणि दुसरं म्हणजे ऑफिसचे तास, बिचाऱ्याला वेळच कुठाय. दोन्ही खरंय आणि दोन्ही अर्धवट आहे. नवऱ्याच्या सोर्सिंगच्या कामामुळे आम्ही काही वर्षं शेन्झेनला राहतोय आणि आमच्याच बिल्डिंगमधलं एक घर मी बऱ्यापैकी जवळून बघितलंय, म्हणजे आजीपासून मुलीपर्यंत सगळ्यांशी माझं मोडकंतोडकं का होईना पण बोलणं आहे. त्यांची नावं, कंपन्या काही सांगणार नाही, ओळख पटेल असे एक-दोन तपशील बदललेत. मला जे दिसलं ते असं की या घरात बाप मुलीचं किती करणार हे त्याच्या मनापेक्षा घरात आजी आहे की नाही यावर ठरलं. पगार, बॉस, बायकोचा स्वभाव हे सगळं आलंच, पण ते नंतर.

घर कसं होतं

बाप हुनान प्रांतातला, हेंगयांगच्या पुढचं एक गाव, हाय-स्पीड ट्रेननं शेन्झेनपासून तीनेक तास आणि मग पुढे बस. आई वुहानची, शहरातली, एकुलती एक. दोघं इथेच भेटले, जसे इथले बहुतेक लोक भेटतात, कारण शेन्झेन म्हणजे १९८० मध्ये स्पेशल इकॉनॉमिक झोन झाल्यावर उभं राहिलेलं शहर, २०२० च्या जनगणनेत पावणेदोन कोटी लोक आणि त्यातले बहुतेक बाहेरून आलेले. आपले आई-बाप जवळ आहेत असं तरुण जोडपं इथे शोधावं लागतं. आजी-आजोबा हवे असतील तर ट्रेननं बोलवून घ्यायचे.

मुलगी झाली २०१९ च्या उन्हाळ्यात. शेन्झेन ज्या ग्वांगडोंग प्रांतात येतं तिथे आईला १७८ दिवसांची रजा मिळते, देशाचे ९८ आणि प्रांताचे ८०. बापाला १५ दिवस. यानं त्यातले आठवडाभराचेच घेतले आणि तेही लॅपटॉप मांडीवर ठेवून, कारण प्रॉडक्टचं रिलीज होतं आणि टीममध्ये कुणीच पंधराच्या पंधरा घेत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर त्याची गरजच पडली नाही, कारण बाळंतपणाच्या दोन आठवडे आधीच त्याची आई गावावरून दोन जिवंत कोंबड्या, लाल साखर आणि सुकं आलं घेऊन हजर झाली होती. पहिला महिना बाळंतिणीनं घराबाहेर पडायचं नाही, गार पाण्याला हात लावायचा नाही, हे चीनमध्ये अजून बऱ्यापैकी पाळतात आणि त्या महिन्यात घराचा ताबा आजीकडे जातो. इथे तो महिना संपला तरी ताबा काही परत आला नाही.

आजी वाईट नव्हती हं, उलट कष्टाळू बाई, पहाटे पाचला उठून भाताची पेज करायची, दिवसभर मुलगी कडेवर. पण तिची पद्धत तिची होती. मुलीला तीन-तीन कपडे, मागे चमचा घेऊन धावायचं, आणि बुडाशी उघडी असलेली पँट, जी वुहानच्या सुनेला अजिबात चालायची नाही. भांडणं व्हायची ती सासू-सुनेची. बाप मध्ये पडायचा नाही. तो रात्री दहाला यायचा, त्याची आई त्याच्यापुढे गरम वाटी ठेवायची, मुलगी झोपलेली असायची. कधी चुकून लवकर आला आणि मुलीला उचलली की आजीच म्हणायची, "राहू दे, तू दमून आलायस, आण इकडे." हे वाक्य मी स्वतः किती वेळा ऐकलंय. एखाद्याला सोप्प्यात सुटायचं असेल तर आणखी काय पाहिजे.

त्याचे तास पण खरेच भयंकर होते. सकाळी नऊ ते रात्री नऊ, आठवड्याचे सहा दिवस, याला तिकडे आकड्यांनीच ९९६ म्हणतात. कायद्यात दिवसाला आठ तास आणि महिन्याला जास्तीत जास्त ३६ तास ओव्हरटाइम असं आहे, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं कामगार खात्याबरोबर नमुन्याचे खटले छापून ९९६ बेकायदा आहे असं स्पष्ट सांगितलं. ऑफिसच्या खिडक्या तरी रात्री उजळलेल्याच असायच्या. त्यात ३५ ची भीती. टेक कंपन्यांत पस्तिशी ओलांडली की आपण नकोसे होतो हे तिथे प्रत्येकाच्या डोक्यात पक्कं बसलंय, आणि मुलगी झाली तेव्हाच हा ३३ चा. मग सहाला उठून घरी कोण जाणार?

डिसेंबर २०२१ मध्ये ग्वांगडोंगनं आणखी एक रजा आणली, मूल तीन वर्षांचं होईपर्यंत आई-बाप दोघांनाही वर्षाला दहा-दहा दिवस. कागदावर झकास. पण त्या दिवसांचा पगार कंपनीनंच द्यायचा, त्यामुळे कंपनी काही आपणहून आठवण करून देत नाही. यानं विचारलं तेव्हा मॅनेजर म्हणाला, घे की, हक्क आहे तुझा, फक्त वर्षअखेरच्या रेटिंगच्या आधी विचार कर. यानं दोन दिवस घेतले. पुढच्या उन्हाळ्यात मुलगी तीनची झाली आणि विषय संपला.

त्याचा स्वतःचा बाप

हे मला बरंच उशिरा कळलं आणि त्याच्याकडून नाही, आजीकडून. हा स्वतः मागे राहिलेलं मूल होता. १९९० च्या दशकात त्याचे आई-वडील दोघंही शेन्झेनशेजारच्या डोंगग्वानच्या कारखान्यात कामाला गेले आणि हा गावी त्याच्या आजीकडे वाढला, वडील दिसायचे वर्षातून एकदा, चांद्र नववर्षाला. त्यांनी आपल्याला कधी भरवलं किंवा आंघोळ घातली असं त्याला आठवतच नाही. मार्क विचारायचे मात्र, ते आठवतं.

अशी मुलं किती होती याचे तिकडचे आकडे बघून मी उडालेच होते. २०१३ मध्ये तिथल्या महिला महासंघानं अंदाज दिला तो सहा कोटींच्या वर, म्हणजे आई-बापांपैकी निदान एक जण तरी कामासाठी लांब आहे अशी गावाकडची मुलं. २०१६ मध्ये सरकारनं व्याख्या बरीच आवळून मोजणी केली तेव्हाही ९० लाख निघाली. या मुलांतलेच आज कितीतरी जण शहरात बाप झालेत. त्यांनी बाप म्हणून बघितलेला माणूस पैसे पाठवणारा आणि फोनवर अभ्यासाचं विचारणारा. त्यामुळे "मी कमावतो, म्हणजे मी करतोच की" असं हा म्हणायचा तेव्हा तो पळवाट काढत नव्हता, त्याला मनापासून तसंच वाटत होतं. बायकोला ते पटायचं नाही कारण ती सुद्धा कमावत होती, जवळजवळ तेवढंच. नवरा जिवंत असून विधवेसारखं मूल वाढवणं अशी एक जहरी म्हण चिनी आयांमध्ये नेटवर फिरते, ती तिनं एकदा त्याच्या तोंडावर मारली होती. आठवडाभर अबोला.

सरकारी वेळ-वापर पाहणी झाली होती २०१८ ला, त्यात सगळी मोठी माणसं धरून मुलांचं करण्यात आणि त्यांच्यासोबत जाणारा वेळ पुरुषांचा दिवसाला सरासरी १७ मिनिटं आणि बायकांचा ५३ मिनिटं निघाला होता. आता यात ज्यांना लहान मुलं नाहीत तेही आले, आणि आज्याही आल्या. मला वाटतं त्या ५३ मधली बरीच मिनिटं आज्यांची असणार.

साडेचारचा प्रश्न

सप्टेंबर २०२२ ला मुलगी बालवाडीत गेली, आणि महिना-दीड महिन्यात गावी आजोबा गच्चीवरून पडले, मांडीचं हाड मोडलं. आजीला जावं लागलं. आजोबांना शेन्झेनला आणता येत नव्हतं कारण त्यांचा आरोग्य विमा गावच्या तालुक्याचा, बाहेरच्या हॉस्पिटलात परतावा कमी मिळतो. वुहानची आजी तिच्या स्वतःच्या ऐंशीच्या पुढच्या आईला सांभाळत होती. म्हणजे दोन्हीकडचे आजी-आजोबा बाद.

आणि घोडं अडलं ते साडेचारला. बालवाडी साडेचारला सुटते. कुठल्याही चिनी शहरात त्या वेळी बालवाडीच्या गेटवर उभं राहून बघा, पांढऱ्या केसांचा समुद्र असतो, इलेक्ट्रिक स्कूटर, हातात सोललेलं संत्रं नाहीतर वाफाळतं बन, आणि मधूनच एखादी आई. शाळांच्या वेळाच जणू आजी-आजोबा गृहीत धरून ठरवल्यात. आधीच्या काळात सरकारी कारखान्यांना स्वतःची पाळणाघरं असायची, १९९० नंतरच्या सुधारणांमध्ये ती बंद होत गेली, आणि तीन वर्षांखालची पाळणाघरात जाणारी मुलं २०२१ च्या सुमाराच्या सरकारी आकड्यांप्रमाणेही शंभरात पाच-सहाच. ती पोकळी कुणी भरली? बापानं नाही. आजीनं.

पहिले काही महिने आईनं कसंबसं निभावलं, अर्ध्या दिवसाच्या रजा, मैत्रिणीची सासू, पैसे देऊन ठेवलेली एक बाई. बापाचं रूटीन ढिम्म हललं नाही. हे मुद्दाम सांगतेय कारण मी वर म्हटलं आजी गेली की बाप येतो, तर तो काही लगेच आला नाही. तो आला २०२३ च्या वसंतात, त्याची अख्खी टीम कंपनीनं बंद केली तेव्हा. भरपाई मिळाली, नोकरी गेली, वय ३७. म्हणजे आजी नाही आणि ऑफिसही नाही, पळायला जागाच उरली नाही.

आता गेटवर हा उभा राहायला लागला. पहिल्याच आठवड्यात तिथल्या आज्यांनी विचारलं, आज सुट्टी का? दुसऱ्या दिवशी परत, आजपण सुट्टी? मग त्यानं सांगायला सुरुवात केली की मी घरूनच काम करतो. बायकोलाही सांगून ठेवलं, बिल्डिंगमध्ये कुणी विचारलं तर हेच सांग. मला पण हेच सांगितलं होतं. एकदा मी तिथे होते तेव्हा मुलगी घामाघूम होऊन बाहेर आली, तर एका अनोळखी म्हातारीनं सरळ तिच्या कॉलरमधून पाठीवर हात घातला आणि याला झापलं, अरे पाठ ओली आहे पोरीची, टॉवेल कुठाय? तिकडे मुलांच्या पाठीला, शर्टच्या आत, घाम टिपायला छोटा टॉवेल लावतात, त्याचं टोक मागे मानेवर लोंबत असतं. त्याला हे माहीतच नव्हतं, चार वर्षं त्याच्याच घरात रोज लावला जात होता तरी. दुसऱ्या दिवसापासून त्याच्या खिशात दोन टॉवेल.

वेण्या तो दौयिनवरचे, म्हणजे तिकडच्या टिकटॉकवरचे, व्हिडिओ बघून शिकला. सकाळी बालवाडीच्या दारात नर्स मुलांचा घसा आणि तळहात बघते, हात-पाय-तोंडाच्या पुरळाची साथ असते ना, तर कुठल्या दिवशी नखं कापलेली लागतात हेही त्याला पाठ झालं. महिन्या-दोन महिन्यांत मुलगी रात्री जागी झाली की "बाबा" म्हणून हाक मारायला लागली, आणि गंमत म्हणजे याचा पहिला त्रास आईलाच झाला. ती तोंडानं म्हणायची की बरं झालं, पण वेणी वाकडी आली म्हणून दारातच सोडून परत घालायची. डब्यातल्या फळांच्या फोडी मोठ्या झाल्या, मोजे जाड घातले, सगळ्यात काहीतरी काढायची. तो एकदा वैतागून म्हणाला, मग तूच कर. ती तेव्हा चिडली, पण नंतर मला म्हणाली की हे वाक्य मी सासूबाईंना म्हणायचे. हे तिला स्वतःलाच कळलं याचं मला कौतुक वाटलं.

वर्गाचा वीचॅट ग्रुप, म्हणजे आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपसारखाच, हा वेगळाच किस्सा. पालकांची नावं त्यात मुलाच्या नावानंच, अमकीची आई, तमक्याचे बाबा. हा ग्रुपमध्ये होता, रोज गेटवर हाच दिसायचा, तरी बाईंचा निरोप आईलाच टॅग होऊन यायचा. उद्या रिकामे दुधाचे खोके आणा, आईला. ताप आहे, न्यायला या, आईला, जी मीटिंगमध्ये. त्यानं बाईंना दोनदा सांगितलं. बाई हो म्हणाल्या आणि तिसऱ्यांदा परत आईलाच टॅग. आपल्याकडे पुण्या-मुंबईत पण शाळेच्या ग्रुपवर "डिअर मॉम्स" चालतंच, त्यामुळे मला फार नवल वाटलं नाही. पण बाप करतोय म्हटल्यावरही बाहेरचं जग त्याला धरत नाही, हे त्या घरात रोज घडत होतं.

चारेक महिन्यांनी त्याला नोकरी लागली. पगार आधीपेक्षा बराच कमी, हार्डवेअर टेस्टिंगची कंपनी, पण सहाला सुटते आणि शनिवार मोकळा. याहून जास्त पगाराची एक ऑफर होती, परत ९९६ ची, ती त्यानं नाकारली. मुलीमुळे का, असं मी विचारलं तर म्हणाला, थोडं मुलीमुळे, आणि थोडं त्यामुळे की तिथे मला परत दोन वर्षांनी काढलंच असतं. प्रामाणिक उत्तर. साडेचारला आणायला खालच्या मजल्यावरच्या एका निवृत्त काकांना महिन्याचे पैसे ठरवले, सकाळ, आंघोळ, गोष्ट आणि शनिवार बापाकडे.

नववर्षाचे तीन आठवडे

फेब्रुवारी २०२४. आजोबा काठी घेऊन चालायला लागले होते म्हणून दोघंही नववर्षाला शेन्झेनला आले, उलटी वारी, म्हणजे मुलांनी गावी जाण्याऐवजी म्हातारे शहरात. आणि इथे जे झालं त्यामुळेच मी हे सगळं लिहायला बसले.

पहिल्या दिवशी त्यानं आंघोळीचं पाणी काढलं, तर आजी म्हणाली, तू बस, मी घालते. दुसऱ्या दिवशी वेणी आजीनं घातली. तिसऱ्या दिवशी तो उठलाच उशिरा. आठवड्याच्या आत माणूस सोफ्यावर, हातात फोन, पुढ्यात सोललेल्या पोमेलोच्या, म्हणजे पपनसाच्या, फोडी, आणि आजी मुलीमागे चमचा घेऊन. तोच माणूस, ज्याच्या खिशात दोन टॉवेल असायचे! काम येत नव्हतं असं नाही, आवडत नव्हतं असंही नाही, नोकरीचे तासही तेच होते, सुट्टीच होती. बदललं होतं फक्त एक माणूस. आजी येताजाता सुनेला ऐकवायची की माझा मुलगा किती वाळलाय, बायकांची कामं करून करून. आणि तो ऐकून घ्यायचा. स्वतःच्या आईसमोर वेणी घालायची त्याला लाज वाटत होती असं मला वाटतं, तो कबूल करणार नाही.

आजी-आजोबा गेले त्या रात्री नवरा-बायकोचं कडाक्याचं भांडण झालं, भिंती पातळ आहेत, आम्हाला निम्मं ऐकू आलं. पुढच्या सोमवारी सकाळी लिफ्टमध्ये तो, मुलगी, आणि बऱ्यापैकी सरळ वेणी.

एका घरावरून अख्ख्या चीनचा नियम काढायला मी काही प्रोफेसर नाही. शांघायचे पुरुष बाजारहाट, भांडी, स्वयंपाक करण्यात देशभर प्रसिद्ध आहेत, त्यावरून बाकीचे त्यांची टिंगलही करतात, तिथे चित्र वेगळं असेल. पण सरकार रजा वाढवून बापांना घरात आणू बघतंय आणि दुसरीकडे तेच घर आजीच्या फुकट कामावर चाललंय, या दोन गोष्टींचा मेळ बसत नाही एवढं मला दिसतं. आणि आजी तरी किती दिवस पुरणार? १ जानेवारी २०२५ पासून निवृत्तीचं वय वाढायला लागलंय, १५ वर्षांत कारखान्यातल्या बायकांचं ५० वरून ५५, ऑफिसातल्यांचं ५५ वरून ५८, पुरुषांचं ६० वरून ६३. म्हणजे पुढच्या पिढीत नातवंड होईल तेव्हा आजी स्वतःच नोकरीवर. मग बाप आपोआप पुढे येईल असं कुणाला वाटत असेल तर मला नाही वाटत. या घरात आजी गेल्यावरही त्याची नोकरी जाईपर्यंत सगळा भार आईवरच होता की.

दुसऱ्या मुलाचा विषय आजी दर व्हिडिओ कॉलला काढते. देशात २०१६ मध्ये पावणेदोन कोटींच्या वर जन्म झाले होते, २०२३ मध्ये ९० लाखांवर आले, त्यामुळे आजीच नाही तर सरकारही तेच म्हणतंय, २०२५ पासून तीन वर्षांखालच्या प्रत्येक मुलामागे वर्षाला ३,६०० युआन देतात. आईचं उत्तर ठरलेलं आहे, ३,६०० युआनमध्ये साडेचारला न्यायला येणारे काकासुद्धा वर्षभर मिळत नाहीत.

सप्टेंबर २०२५ पासून मुलगी पहिलीत आहे. शाळा सुटल्यावर थांबवून घेण्याची सोय आता सरकारी शाळांत असते त्यामुळे साडेचारचं संकट जरा सैल झालंय. पण बापात एक बदल झालाय जो मला फारसा आवडला नाही. गणित त्यानं स्वतःकडे घेतलंय आणि गणिताला बसला की आवाज चढतो, मुलगी रडते, आणि झोपवायला परत आई. आंघोळीच्या वेळचा बाप आणि वहीपुढचा बाप ही जणू दोन माणसं. वहीपुढे बसला की हुनानमधला मार्क विचारणारा बाप त्याच्यात येतो असं बायको म्हणते, आणि त्याला हे तोंडावर सांगायचं धाडस तिला अजून झालेलं नाही.

आता चांद्र नववर्षानंतर आजी-आजोबा कायमचे यायचं म्हणतायत. आईनं अट घातलीये, याच सोसायटीत त्यांना वेगळी खोली भाड्यानं घ्यायची, दिवसा या, सात वाजता आपल्या घरी, आंघोळ आणि झोप बापाकडेच राहील. आजीला हे अपमानाचं वाटतंय. भाडं किती पडेल याचा हिशोब त्याच्या फोनमध्ये आहे, मला दाखवला त्यानं, त्याच्या पगाराच्या जवळजवळ चौथा हिस्सा. स्वतःच्या आईला काय सांगणार विचारलं तर म्हणाला, खोली लहान आहे आमची, एवढंच सांगेन.